नाका गेला, टोल राहिला!

टोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खालापूरची रांग, काचेवर टकटक करणारा चिक्कीवाला, खिडकीतून बाहेर आलेला हात आणि 'सुट्टे द्या ना साहेब' हा अजरामर डायलॉग. २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, सुट्ट्यांची कटकट संपली. पण नाका आहे. आडवा दांडा आहे. तो वर जातो आणि पाठोपाठ मोबाइलवर एसेमेस टपकतो, इतके इतके रुपये कापले. दुखतं, पण किती दुखलं ते लगेच कळतं.

आता सीन बदला. स्थळ अमेरिका. तुम्ही ऑनसाइट आहात, लाँग वीकएण्ड आहे, एअरपोर्टवरून मस्त चकाचक गाडी भाड्याने घेतली आहे. शेजारच्या सीटवर बायको किंवा रूममेट, मागे वेफर्सची पाकिटं. समोर तो जगप्रसिद्ध लाल पूल. तुम्ही खिशातून दहाची नोट काढून तयार. आणि नाकाच नाही! ना रांग, ना दांडा, ना माणूस. गाडी सुसाट पलीकडे. सगळे खूश. 'अरे, फुकट आहे वाटतं!'

बॉस, फुकट काही नसतं. वर एक कॅमेरा होता. त्याने तुमच्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढलाय. आणि आता त्या फोटोचा जो प्रवास सुरू होईल, तो तुमच्या रोड ट्रिपपेक्षा लांबचा आहे.

फोटो कुठे जातो?

याला तिकडे 'कॅशलेस टोलिंग' म्हणतात. गाडीत टोलचा टॅग असेल तर त्यातून पैसे कापले जातात. टॅग नसेल तर कॅमेरा प्लेट वाचतो, त्या नंबराची गाडी कुणाच्या नावावर आहे ते शोधलं जातं आणि मालकाच्या पत्त्यावर बिल जातं. साधा, सरळ फण्डा.

लोच्या एवढाच की भाड्याच्या गाडीचे मालक तुम्ही नसता. मालक असते रेंटल कंपनी. मग बिल तिच्याकडे जातं, किंवा टोलचा हिशोब बघायला तिने नेमलेल्या दुसऱ्या कंपनीकडे. ते बिल भरलं जातं, आणि नंतर तुमच्या क्रेडिट कार्डावरून वसूल होतं. गाडी घेताना ज्या कागदावर तुम्ही न वाचता सही ठोकलीत, त्यात याची परवानगी तुम्हीच दिलेली असते.

इथवरही ठीक आहे. टोल आपण वापरला, पैसे आपण द्यावेत. पण टोलबरोबर एक पाहुणा येतो. त्याचं नाव 'कन्व्हिनियन्स फी'. सोय कुणाची, हे मात्र विचारायचं नाही!

दहा डॉलरचा पूल, पंचेचाळीस डॉलरचं बिल

ही फी प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि तिचे तीन प्रकार आहेत. ते समजून घेतले की अर्धी लढाई जिंकलात.

पहिला प्रकार: ज्या दिवशी टोल लागला, त्याच दिवसाची फी. दुसरा: ट्रिपमध्ये एकदा जरी टोल लागला, तरी भाड्याच्या सगळ्या दिवसांची फी. तिसरा: सुरुवातीलाच रोजचे ठरावीक पैसे द्या आणि हवे तेवढे टोल पार करा. म्हणजे थाळी सिस्टीम. अनलिमिटेड!

गणित करून बघू. गाडी सात दिवस भाड्याने घेतलीय. त्यात एकदाच, फक्त एकदाच, १०.७५ डॉलरचा टोल लागला. फीचे आकडे इथे हिशोबासाठी धरूया. पहिल्या प्रकारात दिवसाची फी सात डॉलर असेल तर एकूण १७.७५. दुसऱ्या प्रकारात फी रोजची पाचच डॉलर, म्हणजे दिसायला स्वस्त, पण गुणिले सात! झाले ४५.७५. थाळी बारा डॉलर रोज असेल तर ८४. पूल एकच, गाडी एकच, ड्रायव्हर एकच. फरक फक्त कागदावरच्या बारीक अक्षरांचा.

आणखी एक गोम. टॅगवाल्यांना टोलमध्ये सवलत असते. बऱ्याच रेंटल कंपन्या मात्र तुमच्याकडून सवलतीशिवायचा, सगळ्यात वरचा दर लावतात. म्हणजे फी वेगळी आणि टोलही महाग. आमच्या पुण्यात याला 'दुहेरी फोडणी' म्हणायला हरकत नाही.

पण ही थाळी कायमच वाईट, असंही नाही हं. रोज चार-पाच टोल लागणार असतील, न्यू यॉर्कच्या आसपास सारखं इकडून तिकडे करायचं असेल, तर ती परवडूही शकते. खानावळीत शिरण्याआधी भूक किती आहे ते बघायचं, एवढंच.

प्रकरण कोर्टात गेलं होतं

'आम्हा देशी लोकांनाच असं वाटतं का?' अशी शंका आली असेल तर ती काढून टाका. २०१७ मध्ये खुद्द सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी वकिलांनी एका बड्या रेंटल कंपनीवर आणि तिच्या टोल बघणाऱ्या भागीदार कंपनीवर केस ठोकली. मुद्दा हाच, गोल्डन गेट ब्रिज! पुलावर रोख भरायची सोय नाही, हे टुरिस्टला माहीत नसतं. तो पूल ओलांडतो आणि आपोआप कंपनीच्या टोल योजनेत ओढला जातो. मग दिवसाला ४.९५ डॉलर फी, ज्या दिवशी टोल लागलाच नाही त्या दिवसांचीसुद्धा, असा आरोप होता. २०१९ मध्ये ३६.५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

म्हणजे टोल घेणं गैर नव्हतं. ग्राहकाला आधी नीट न सांगता फी लावणं, हा भांडणाचा मुद्दा होता. त्यानंतर काउंटरवर पाट्या आल्या, वेबसाइटवर माहिती आली. पण माहिती आली म्हणजे फी गेली, असं नाही. आता ती फक्त वाचता येते. वाचायची जबाबदारी आपली.

पश्चिम किनारा: एक पूल, एकच दिशा

गोल्डन गेट ब्रिज १९३७ मध्ये सुरू झाला, तेव्हा टोल होता ५० सेंट. पूल बांधायला काढलेल्या कर्जरोख्यांचे पैसे व्याजासकट १९७१ मध्ये फिटले. टोल मात्र सुरूच राहिला. पुलाची देखभाल आणि तिथल्या बस, फेरी सेवा त्यातून चालतात. 'रस्त्याचे पैसे वसूल झाले, तरी टोल का?' हा प्रश्न फक्त आपल्या चहाच्या टपरीवर चघळला जातो असं समजू नका. तिकडेही हा प्रश्न जुनाच आहे.

या पुलावरचे टोल घेणारे कर्मचारी २०१३ च्या २७ मार्चला गेले आणि सगळा कारभार कॅमेऱ्याकडे आला. खाडीवरच्या बाकीच्या पुलांवरची रोकड २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या वेळी बंद झाली, ती पुन्हा सुरू झालीच नाही.

गोल्डन गेटचा दर २०२५ च्या जुलैत असा होता: 'फास्ट्रॅक' हा कॅलिफोर्नियाचा टॅग असेल तर ९.७५ डॉलर, नंबर प्लेटवरून स्वतः भरलेत तर १० डॉलर, आणि बिल घरी येईपर्यंत थांबलात तर १०.७५. दर जुलैत तो थोडा वाढवायचा असं ठरलेलं आहे, तेव्हा जाण्याआधी ताजा आकडा बघून घ्या.

यातली मधली सोय आपल्या कामाची. तिला 'वन टाइम पेमेंट' म्हणतात. पूल ओलांडण्याच्या ३० दिवस आधीपासून ते ओलांडल्यानंतर ४८ तासांपर्यंत तुम्ही गाडीचा नंबर टाकून ऑनलाइन टोल भरू शकता. भाड्याच्या गाडीलाही चालतं. गाडी ताब्यात आली की प्लेटचा फोटो काढा, नंबर आणि राज्य नीट टाका, पैसे भरा, पावती जपून ठेवा. पाच मिनिटांचं काम. फीवाला पाहुणा दारातूनच परत!

आणि आता खास टीप. गोल्डन गेटवर टोल फक्त एका दिशेला आहे. दक्षिणेकडे, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को शहरात शिरताना. शहरातून उत्तरेकडे जाताना काही नाही. १९६८ पासून हे असंच आहे. खाडीवरच्या रिचमंड-सॅन रफाएल पुलाचीही तीच गंमत. तिथे पश्चिमेकडे जाताना टोल, पूर्वेकडे येताना नाही.

सनीव्हेल, सॅन होजे, फ्रीमाँट या पट्ट्यात आपली किती मंडळी राहतात, ते तिथल्या गणेशोत्सवाच्या गर्दीवरून कळतंच. त्यांच्यासाठी हा रूट: सॅन फ्रान्सिस्कोमधून गोल्डन गेटने उत्तरेला जा, टोल नाही. सॉसलिटो बघा, म्युअर वुड्सची उंच झाडं बघा. तिथे पार्किंगचं बुकिंग आधी करावं लागतं, ते विसरू नका. परतताना पुन्हा गोल्डन गेटने येऊ नका. सॅन रफाएलवरून रिचमंडच्या पुलाने पूर्वेला या, टोल नाही, आणि तिथून ८८० नंबरच्या हायवेने खाली घरी. अख्खी गोल प्रदक्षिणा, टोल शून्य!

फक्त दोन गोष्टी सांभाळा. ओकलंडजवळ 'सॅन फ्रान्सिस्को' लिहिलेल्या लेनमध्ये शिरलात तर थेट बे ब्रिजवर जाल. तिथे २०२५ मध्ये ८ डॉलर होते आणि त्यानंतर दर वाढते ठेवलेत. दुसरं, हायवेवर डावीकडे 'एक्सप्रेस लेन' दिसेल. मोकळी, मोहक, बोलावणारी. फास्ट्रॅक नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. गाडीत चारजण आहेत म्हणून चालेल, असंही नाही. कारपूलची सूट हवी तरी टॅग लागतोच.

पूर्व किनारा: जर्सीची जत्रा

आता न्यू जर्सी. एडिसन, आयझलिन, ओक ट्री रोड. वडापाव मिळतो, पोळीभाजीचा डबा मिळतो, आणि टोलही हाताहाताला मिळतो.

इथला राजा म्हणजे 'ईझी-पास'. एकच टॅग, आणि पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत चालतो. न्यू जर्सी टर्नपाइकवर अजून बूथमध्ये माणूस बसतो आणि रोख घेतो. चढताना तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे द्यायचे. पण त्यासाठी 'कॅश' लिहिलेल्या लेनमध्येच जायचं. टॅग नसताना फक्त ईझी-पासच्या लेनमधून सुटलात तर प्रत्येक वेळेला ५० डॉलरचा दंडवजा चार्ज लागू शकतो, टोल वेगळा. मग त्यावर रेंटल कंपनीची फी. लग्नापेक्षा वरात मोठी!

टर्नपाइकवर रोख चालते म्हणून न्यू यॉर्कच्या बोगद्यातही चालेल, या भ्रमात राहू नका. हॉलंड टनेल, लिंकन टनेल, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, सगळीकडची रोकड २०२२ च्या अखेरीपर्यंत बंद झाली. टोल फक्त न्यू यॉर्कच्या दिशेने. २०२५ मध्ये गर्दीच्या वेळेचा ईझी-पासचा दर १६.०६ डॉलर होता. टॅग नसेल तर त्याहून बराच जास्त.

त्यात २०२५ च्या ५ जानेवारीपासून मॅनहॅटनची 'कंजेशन प्रायसिंग' सुरू झाली. ६० व्या स्ट्रीटच्या खाली गाडी घातलीत की दिवसा ९ डॉलर. टॅगवाले बोगद्यातून आले तर त्यातले ३ डॉलरपर्यंत वळते होतात. टॅग नसेल तर ९ चे १३.५०, आणि वळतं काही नाही. म्हणजे टाइम्स स्क्वेअरला पाय ठेवण्याआधीच वीस-बावीस डॉलरची पत्ती गेली, आणि अजून पार्किंग शोधायचंय. मेट्रोपार्क स्टेशनवरून ट्रेन पाऊण तासाच्या आसपास पेन स्टेशनला सोडते. आपण लोकलवर वाढलेली माणसं. मॅनहॅटनला गाडी नेण्याचा अट्टहास कशाला?

आणि मग तो उन्हाळ्यातला ठरलेला कार्यक्रम. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले, सात सीटची व्हॅन भाड्याने घेतलेली, डब्यात ठेपले आणि दशम्या, चलो नायगारा! न्यू यॉर्क स्टेट थ्रूवे हा रस्ता २०२० च्या नोव्हेंबरपासून पूर्ण कॅशलेस आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकनेही त्याच वर्षी रोकड बंद केली. हा १९४० चा रस्ता म्हणजे अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या हायवेंचा आजोबा. आजोबा आता नोटा घेत नाहीत, फोटो काढतात. टॅग नसला तर तिथला दर टॅगवाल्याच्या जवळपास दुप्पट.

उपाय? तुमच्याकडे, मित्राकडे ईझी-पास असेल तर तो टॅग भाड्याच्या गाडीत लावता येतो. खात्यात गाडीचा नंबर तात्पुरता घालायचा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाकायची. नसेल तर न्यू यॉर्कमध्ये सुपरमार्केट आणि औषधांच्या दुकानांत 'ऑन-द-गो' नावाचा तयार टॅग विकत मिळतो. मोबाइलच्या प्रीपेड सिमसारखा. वर्षभर ऑनसाइट राहणार असाल तर पहिल्या महिन्यातच घेऊन टाका.

पण दोन पथ्यं पाळा. एक, गाडीच्या काचेवर रेंटल कंपनीची टोलची डबी असेल तर ती बंद आहे ना ते बघा. बऱ्याच डब्यांना सरकवायचं झाकण असतं. उघडं म्हणजे चालू. तुमचा टॅगही चालू आणि डबीही चालू, तर एकाच टोलचे दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. दोन, गाडी परत केली की खात्यातून तो नंबर लगेच काढा. नाही काढलात तर ती गाडी पुढे जो कुणी घेईल, त्याचे टोल तुमच्या खात्यातून जातील. परोपकार चांगला, पण इतकाही नको.

मिकी माउसच्या गावी

फ्लोरिडाला, म्हणजे पर्यायाने डिस्नेला जाणाऱ्यांसाठी एक गोड बातमी आहे. ऑरलँडो एअरपोर्टवर 'व्हिजिटर टोल पास' मिळतो. आरशाला लटकवायचा टॅग आहे, खास भाड्याच्या गाडीवाल्या पाहुण्यांसाठी. फोनवर अॅप घ्यायचं, कार्ड जोडायचं, एअरपोर्टवर टॅग उचलायचा, जाताना पेटीत टाकायचा. रोजची फी नाही, टोलही सवलतीच्या दराने. आधी १० डॉलर अनामत, टॅग परत केला की परत. टोल वसूल करणाऱ्या सरकारी खात्यानेच टुरिस्टची अडचण ओळखून ही सोय केलीय. मनात आणलं तर जमतं, याचा हा पुरावा.

खरं दुखणं: चौघांचा हिशोब

आता तुम्ही म्हणाल, चाळीस-पन्नास डॉलरसाठी एवढा काथ्याकूट? पगार डॉलरमध्ये मिळतोय ना?

मुद्दा नुसत्या पैशांचा नाही. मुद्दा बिल कधी येतं याचा आहे. टोलचा फोटो, मालकाचा शोध, रेंटल कंपनी, तिची भागीदार कंपनी, मग तुमचं कार्ड, या प्रवासाला कित्येकदा आठवडे लागतात. तोपर्यंत ट्रिपचा हिशोब मिटलेला असतो.

ऑनसाइटची ट्रिप कशी असते, माहितीय ना? चौघं मिळून जातात, गाडी एकाच्या कार्डावर. रविवारी रात्री घरी आल्यावर मॅगी उकळता उकळता एक्सेल शीट उघडते. भाडं, पेट्रोल, मोटेल, भागिले चार. सोमवारी सगळे मोकळे. आणि दीड महिन्याने ज्याचं कार्ड होतं, त्याच्या स्टेटमेंटवर एक अनोळखी नाव उगवतं. तोवर एकजण पुण्याला परतलेला, एक डॅलसच्या प्रोजेक्टवर, एकाने नोकरीच बदललेली.

'अरे, त्या ट्रिपचे अजून ऐंशी डॉलर निघालेत.'

'कसले? आपण तर सगळं क्लिअर केलं होतं!'

'टोलचे.'

'टोल? आपण कुठे टोल भरला?'

'तेच तर!'

पुढे काय होतं ते सांगायला नको. वीस-वीस डॉलर मागायला जीभ रेटत नाही, आणि न मागितल्याने मनातून जातही नाहीत. दोस्तीत आलेला हा बारीकसा खडा. एवढ्याशा रकमेचा, पण बुटातल्या खड्यासारखा टोचणारा.

ऑफिसच्या कामासाठी गाडी घेणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. एक्स्पेन्स क्लेम भरलेला, मॅनेजरने अप्रूव्ह केलेला, महिना बंद झालेला. आता उशिरा आलेला टोल कुठल्या कॉलममध्ये घालायचा? पावती आहे का, असं फायनान्सवाले विचारणार. पावती म्हणजे कार्डाच्या स्टेटमेंटवरची एक ओळ. शेवटी कंटाळून माणूस स्वतःच्या खिशातून भरतो.

तेव्हा सोपा नियम करा. गाडी परत करायच्या दिवशीच टोलचा अंदाज काढा. कुठून कुठे गेलो, कुठले पूल, कुठले बोगदे, ते मॅपवर बघा आणि तेवढी रक्कम हिशोबात 'टोल, येणे बाकी' म्हणून आधीच धरा. उरले तर पुढच्या ट्रिपचा चहा. क्लेम भरतानाही 'टोलचं बिल नंतर येईल' अशी एक ओळ मॅनेजरला आधीच मेल करून ठेवा. ज्याचं कार्ड, त्याच्यावर उपकार होतील.

बिल चुकलं तर?

चुकतंही. तेव्हा गप्प बसू नका. टोल बघणाऱ्या कंपनीची वेबसाइट असते. तिथे गाडीचा नंबर किंवा भाड्याच्या कराराचा नंबर टाकला की एकेका टोलची तारीख, वेळ, ठिकाण दिसतं. वेळ तपासा. तुम्ही गाडी घेण्याआधीची किंवा परत केल्यानंतरची नोंद असेल तर ती तुमची नाही. यासाठीच गाडी परत करताना वेळ छापलेली पावती घ्यायची, चावी पेटीत टाकून पळायचं नाही. तुम्ही स्वतः ऑनलाइन भरलेला टोल पुन्हा लागला असेल तर पावती जोडून मेल करा. सभ्य भाषेत, मुद्देसूद, तारखांसकट. आपण दिवसभर क्लायंटला हेच तर लिहीत असतो!

काउंटरवरचे पाच प्रश्न

विमानातून उतरलोय, झोप झालेली नाही, मागे रांग आहे, आणि काउंटरवरची हसरी मुलगी विचारते, 'टोल पास हवाय का?' अशा वेळी आपण एकतर घाबरून 'हो' म्हणतो, नाहीतर ऐटीत 'नाही'. दोन्ही चूक. उलट पाच प्रश्न विचारा.

१. 'नाही' म्हटलं आणि तरी टोल लागला, तर काय होतं? आपोआप तुमच्या योजनेत जातो का?

२. फी टोल लागलेल्या दिवसाचीच, की भाड्याच्या सगळ्या दिवसांची? जास्तीत जास्त किती?

३. टोलचा दर सवलतीचा लावता, की सगळ्यात वरचा?

४. माझा स्वतःचा टॅग लावला, किंवा टोल मी ऑनलाइन भरला, तर चालेल का? काचेवरची डबी बंद कशी करायची?

५. बिल साधारण किती दिवसांनी येतं, आणि तपशील कुठे बघायचा?

उत्तरं आवडली नाहीत तर मॅपमध्ये 'टोल टाळा' हा पर्याय आहेच. कधी वीस मिनिटं जास्त लागतात, कधी एखादं सुंदर गाव वाटेत लागतं. कधी मात्र तासभर जास्त लागतो आणि पेट्रोल टोलपेक्षा महाग पडतं. तेही बघा. आठ डॉलर वाचवायला दीड तास घालवणं हा हिशोब फक्त कॉलेजात शोभतो.

रोकड घेणारा माणूस होता, तेव्हा तो निदान एक गोष्ट करायचा. थांबवायचा. 'इथे पैसे लागतात' हे त्या थांबण्यातूनच कळायचं. आता थांबवणारं कुणी नाही. रस्ता मोकळा आहे, वेग आहे, आणि प्रदूषणही कमी, हे सगळं मान्य. पण किती लागले, कुणाला लागले आणि का लागले, हे विचारायचं काम नाक्यावरून उठून आपल्याकडे आलंय.

तेव्हा मंडळी, पुढच्या लाँग वीकएण्डला गाणी लावा, काचा खाली करा, पुलावर फोटो काढा. शेजारच्या सीटवाल्याला मात्र एक काम नेमून द्या. 'वर कॅमेरा दिसला की लिहून ठेव.' झोपणाऱ्या को-पायलटला निदान काहीतरी काम!